माकुलाला दोन शिट्ट्या

बुधवार, १२ नोव्हेंबर. फ्रीजमधला बर्फ काढायचं काम.

काल तुझा तेरावा झाला, आक्का. आज सकाळच्या एसटीनं पाहुणे कंधारला, मुखेडला आपापल्या घरी गेले आणि मी फ्रीज बंद करून दार उघडं टाकलं. खाली जुनी चादर पसरली आहे. तुझ्या आजारपणात या बर्फाकडं कुणी पाहिलंच नव्हतं, वीतभर थर चढला होता. पहिल्या दिवशी शेजारच्यांनी कडू घासाचं पिठलं आणि भाकरी आणली होती, त्यांचे डबे घासून ठेवलेत. ते परत द्यायचेत. बाकी दह्याची वाटी, विरजण, कोथिंबीर, सगळं काढून ओट्यावर ठेवलं. शेवटी बर्फाच्या मागं ते पाकीट निघालं.

त्यावर तू चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलं आहेस: माकुल, सुमन. माझं नाव. फळ्यावर लिहिल्यासारखं अक्षर, काना सरळ, वेलांटी पूर्ण. जसं काही या घरात दुसरं कुणी माकुल पळवणार होतं.

पाकीट आता वितळायला लागलं आहे. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नसतं, हे तूच दहा वेळा सांगितलंस. म्हणजे उद्या सकाळपर्यंत मला त्याचा निकाल लावावा लागणार, कचऱ्यात की कढईत. एवढंच आज ठरवायचं आहे, आणि सकाळपासून तेवढंच ठरत नाही.

काल जेवणावळीच्या आधी चुलतबहिणीनं विचारलं, "आक्काला काय लई आवडायचं? तेवढं पानात वाढू." मी म्हणाले, पुरणपोळी. तू पुरणाला कधी हात लावला नाहीस. पण चार लोकांत काय सांगायचं? की आमची आक्का माकुल म्हणून समुद्रातलं एक आठ पायांचं आणि वर दोन सोंडांचं जनावर खायची? आपल्याकडं मटण खाणारी माणसंसुद्धा ते बघून तोंड फिरवतात. तुझ्या नावानं काल सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली. तू उपाशी राहिलीस असं म्हणायला माझी काही हरकत नाही.

तेविसाव्या वर्षी तू मास्तरीण होऊन रत्नागिरीकडं गेलीस. आपल्याकडच्या किती पोरी-पोरं तशी गेली. जिल्हा परिषदेची नोकरी मिळाली, पण हजेरीपट कोकणातला. बदली होईल, होईल म्हणत तुझी अठरा वर्षं तिथं गेली. लग्न त्यातच मागं पडलं. मी दोन वर्षांनी धाकटी, माझं लग्न नांदेडातच झालं. मग बापाचं दुखणं, मायचं दुखणं, शेताची कामं, लग्नकार्यं, सगळं आपोआप माझ्याकडं आलं. कुणी विचारून दिलं नाही. तू वर्षातून दोनदा यायचीस, आमसुलं आणि काजू घेऊन. आठ दिवसांत माणसं तुला बघायला यायची आणि चहा मी करायचे.

मी तुझ्याकडं एकदाच आले, मे महिन्यात, चार दिवस. तू त्या शेजारच्या कोळीण मावशीबरोबर मागच्या अंगणात पाटावर बसली होतीस, समोर माकुलाची पाटी. मावशीनं एक डोकं धरून ओढलं तसं आतलं सगळं त्याच्यामागं बाहेर आलं, आणि काळी शाई तुझ्या हातावर उडाली. तू हसलीस. नुसती नाही, मागं रेलून, तोंड उघडं टाकून. मी तुला आपल्या घरात कधी तशी हसलेली बघितली नव्हती. मावशी म्हणाली, "बाई, शाई सांडली. आता शेरा कशानं मारशील?" तू आणखी हसलीस.

"चाखून तरी बघ," तू म्हणालीस. मी म्हणाले, "मला आळ्या नकोत." चारही दिवस मी वरणभात खाल्ला. समुद्र बघितला. चांगला होता. मला परत यायची घाई होती, मायला ताप होता.

तू बदलून आलीस तेव्हा माय गेलेली होती. तुला शाळा मिळाली कंधारकडची, राहायला माझ्या घराची पुढची खोली. महिनाभरात तू नांदेडच्या मासळीबाजारात एक मामू गाठलास. त्याच्याकडं हैदराबादहून बर्फाच्या पेटीत समुद्राचा माल यायचा. तुझ्या नावानं तो महिन्यातून एकदा अर्धा किलो माकुल मागवायचा. मी एकदा तुझ्याऐवजी आणायला गेले तर पिशवी देताना म्हणाला, "इधर कोई नै खाता बाई ये. पूरे नांदेड में एक टीचरबाईच है. उनके वास्ते मंगाता मैं."

आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी ताटात डोकावून विचारलं होतं, "आक्का, कुकरची रिंग कुठली अन् भाजी कुठली, खूण सांगून ठेवा. न्हाई तर वरण शिजायचं न्हाई." तू म्हणालीस, "रिंग जरा मऊ असते, दाजी." तेवढ्यावर तुम्ही दोघं हसून मोकळे झालात. भांडं मला घासायचं होतं, वासाचं.

तू मला त्याचे गुण सांगायचीस, धडा शिकवल्यासारखे. मी अंगणवाडी सेविका, रोज पोरांची वजनं घेते, गरोदर बायांना अंडं खा, डाळ खा म्हणून घसा कोरडा करते, आणि तू मला प्रथिनं सांगणार. पण सांगायचीस. की यात मांसच मांस, चरबी नावाला. बी-ट्वेल्व्ह भरपूर. सेलेनियम असतं, तांबं असतं, आणि तांब्यामुळं अंगातलं लोह कामाला लागतं. कोलेस्टेरॉल मात्र बरंच, म्हणून दाजींना रोज देऊ नको, आणि पिठात घोळून तळलं तर सगळा फायदा तेलात गेला. कुणाला अंगावर पित्त उठत असेल तर द्यायचंच नाही. माझा तपासणीचा कागद आला, त्यात बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. मुंग्या यायच्या पायाला. तू तो कागद फ्रीजवर चिकटवलास आणि त्याखाली पेन्सिलीनं खूण केलीस, शाळेत चूक दाखवतात तशी. मी गोळ्या आणल्या. "गोळ्या घे, पण हे पण खा," तू म्हणायचीस. मी म्हणायचे, बघू.

मग गाठ निघाली पोटात. दर तीन आठवड्यांनी लातूरला किमो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मऊ खा आणि प्रथिनं खा. तुझं तोंड आलेलं असायचं, पाणी पितानाही डोळे मिटायचीस. डाळ नको, अंडं नको, पनीरचा वास नको. दिवाळीच्या आदल्या रविवारी म्हणालीस, "सुमे, जरासं माकुल खावं वाटतंय."

मी मामूकडून आणलं. हे मला नोंदवून ठेवायचं आहे: आणलं मीच, आणि साफही मीच केलं, तू पलंगावरून सांगशील तसं. डोकं ओढ. आतली काचेसारखी काडी काढ. डोळ्यांच्या खाली काप. मधली चोच दाबून काढून टाक. जांभळी साल बोटानं सुटते, सोल. नळीच्या आत बोट घालून धू, पण पाण्यात भिजत ठेवू नको. कापडानं कोरडं कर. इथपर्यंत मी ऐकलं.

मग मी कुकर काढला आणि तू म्हणालीस, "कुकर न्हाई गं. तवा चांगला तापव. पहिलं हळदमीठ, मग मसाला, मग माकुल टाक अन् मी पाढे म्हणते. बेपासून बारापर्यंत. बाराचा पाढा संपला की गॅस बंद."

तू कोकणात घड्याळ न बघता असंच शिजवायचीस. वर्गातला चौथीचा पोरगा पाढे म्हणतो त्या चालीत, न थांबता. बे ते बारा म्हणजे दोन मिनिटं. त्याच्यापुढं गेलं तर आक्रसतं, चिवट होतं, आणि मग परत मऊ व्हायला पाऊण तास मंद आचेवर ठेवावं लागतं. एक तर झटक्यात, न्हाई तर तासभर, मधलं काही न्हाई, असं तुझं म्हणणं. पण आपल्याकडं मांस म्हणजे शिजवायचं. लेकुरवाळ्या बाईला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला द्यायचं म्हणजे गाळ शिजवायचं. दोन मिनिटांत मांस शिजतं हे मला कुणी सांगितलं तर मी त्याला मुखेडच्या बाजारात विकून येईन. शिवाय तुझ्या तोंडाला फोड आलेले.

"माझ्या स्वयंपाकघरात शाळा भरवू नको," मी म्हणाले, आणि दोन शिट्ट्या काढल्या. कच्चं राहू नये म्हणून.

ताट तुझ्यापुढं आणलं. तू एक वेटोळं उचललंस. चावत राहिलीस. मी दारात उभी होते. तू इतका वेळ चावलंस की मला कळलं, पण मी हलले नाही. मग तू ते तोंडातून हातात काढलंस आणि ताटाच्या कडेला ठेवलंस, हळूच, आवाज होऊ नये असं. त्याला थोडं रक्त लागलं होतं.

तू शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू शिकवणीच्या आवाजात म्हणालीस, "सुमे, हे असं न्हाई करीत. मी सांगत होते तुला."

"सांगायला अठरा वर्षं कुठं होतीस?"

"आता ते कामून काढून राहिलीस?"

"माय पडली तवा मी होते. बाप गेला तवा मी होते. तुझी बदली होईना म्हणून सगळ्यांनी तुझी कीव केली. माझी कुणी केली न्हाई."

तू म्हणालीस, "शेवटाकडची दोन वर्षं मी अर्जच केला न्हवता."

मला आधी कळलंच नाही. "कशाचा?"

"बदलीचा. केला असता तरी झाली असती असं न्हाई. पण केला न्हवता."

"कामून?"

"जीव रमला होता. तिथं मला कुणी थोरली म्हणत न्हवतं."

ती दोन वर्षं कुठली ते मी विचारलं नाही. बोटावर मोजलं. मायची शेवटची दोन.

आणि मग मी ते सांगितलं, जे मायनं कधी सांगू नको म्हणून बजावलं होतं. मायनं माळेगावच्या खंडोबाला बोलून ठेवलं होतं: थोरलीची बदली होईस्तोर मटण शिवणार न्हाई. मटण म्हणजे तिच्या हिशेबानं अंडंसुद्धा. सहा वर्षं. जात्रेला घरात मटण शिजायचं आणि माय आमटीभाकरी घेऊन ओसरीवर बसायची. शेवटी अंगात रक्तच राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले काळीज खाऊ घाला, अंडी घाला. मी दोन्ही हात जोडले तिच्यापुढं, मी, जी गावभरच्या बायांना अंडं खायला लावते. ती म्हणाली, "थोरली आली की खाईन. एकदमच खाईन." मी म्हणाले, तिला फोन करून सांगते. तर म्हणाली, "सांगू नको. तिचा जीव तिथं लागायचा न्हाई."

हे सगळं मी तुझ्यापुढं टाकलं, ताटासारखं. "माय इकडं नवसापायी उपाशी अन् तू तिकडं अर्ज न भरता माकुल खात होतीस."

तू एवढंच विचारलंस, "मला कामून न्हाई सांगितलंस?"

"माय न्हाई म्हणली."

खोटं नव्हतं. पण खरंही पूर्ण नव्हतं, आक्का. माय गेल्यावर मला कुणी अडवलं नव्हतं. तू सात वर्षं माझ्या पुढच्या खोलीत राहिलीस, कधीही सांगता आलं असतं, समजुतीनं, बरोबर बसून. मी सांगितलं नाही. आता मला दिसतं की मी ते जपून ठेवलं होतं, कधीतरी मारायला. आणि मारलं ते कधी, तर तुझं तोंड सोललेलं असताना.

मी ताट उचललं आणि बाहेर आले. त्यानंतर आपण औषधाचं बोललो, गाडीचं बोललो, उशी उंच पाहिजे का हे बोललो. नवसाचा विषय ना तू काढलास, ना मी. दिवाळीत फराळ केला नाही म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

लातूरला निघायच्या आदल्या दिवशी मामू दारात आला, पिशवी घेऊन. "टीचरबाई ने फोन किए थे." मी तुझ्या खोलीत येऊन म्हणाले, "चावता येत न्हाई अन् हे कशाला?" तू चिकटपट्टीवर लिहीत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हे माझं न्हाई. तुझं हाय. आल्यावर करून देते."

मी म्हणाले, "पडू दे तिकडं."

हे माझं तुझ्याशी घरातलं शेवटचं वाक्य. गाडीत तू झोपली होतीस. दवाखान्यात पाच दिवस नळ्या होत्या. पडू दे तिकडं. ते पडून राहिलं, बघ.

तू परत अर्ज का केलास, हे मला कधी कळणार नाही. मायचा जीव गेला म्हणून, की तिथली कोळीण मावशी वारली म्हणून, की माझ्यासाठी. तुला विचारायचं राहिलं. आणि तू माझी माफी मागितली नाहीस हे मी विसरलेले नाही. एक अर्धा किलोचं पाकीट म्हणजे माफी होत नाही. पण ज्या बाईला पाणी गिळता येत नव्हतं, तिनं फोन करून धाकटीच्या पायाच्या मुंग्यांसाठी माकुल मागवलं, हेही मला विसरता येईना, आणि त्याचाच मला राग येऊन राहिला आहे. तू नेहमी असंच करायचीस. भांडण अर्धं सोडून दुसऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून जायचीस.

फ्रीज पुसला. चालू केला. पाकीट वाडग्यात घालून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं, पाणी इकडंतिकडं सांडू नये म्हणून. कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली. तिची घंटा मला ऐकू आली होती.

गुरुवार.

सकाळी ह्यांना दूध आणायला पाठवलं आणि वाडगं बाहेर काढलं. डोकं ओढलं. काडी अख्खी निघाली, न मोडता. चोच काढली. साल सोलली. पुसून कोरडं केलं, वेटोळी कापली. तेरा दिवस या घरात फोडणी नव्हती, तेराव्याचं जेवणही बाहेरच शिजलं, पहिली फोडणी याची होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तवा तापवला, धूर निघेपर्यंत. लसूण, हळद, मीठ, आपलं काळं तिखट. माकुल टाकलं आणि मोठ्यानं सुरुवात केली. बे एके बे.

लहानपणी तूच शिकवलेस मला पाढे, कापूस वेचताना, दोन ओळींच्या मधून. मी सातात अडकायचे, नेहमी सात अठ्ठेपाशी, आणि तू म्हणायचीस, "पहिल्यापासून." कितीही रडले तरी पहिल्यापासून, बे एके बे.

आजही सात अठ्ठेला अडकले. तव्यावर माकुल पांढरं पडून आखडायला लागलं होतं. मी थांबले, आणि मग साताचा पाढा तसाच सोडून आठाचा धरला. नऊ, दहा, अकरा, बारा. गॅस बंद केला.

ओट्यापाशी उभी राहूनच खाल्लं. मऊ होतं. थोडं गोडसर. आळीसारखं अजिबात नव्हतं. एक घास मायसाठी वेगळा काढला होता, पण मग तोही मीच खाल्ला. तिनं खाल्ला असता की नाही, मला माहीत नाही.

तवा घासून मामूला फोन लावला. म्हणाले, टीचरबाईचा माल बंद करू नका.

तो म्हणाला, "अब कौन खायेगा, बाई?"

"मी," म्हणाले.

सात अठ्ठे छप्पन्न, ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. पहिल्यापासून म्हण असं सांगायला तू नव्हतीस, आक्का, म्हणून माकुल मऊ राहिलं.